हा देह हाजिर आहे

परवा सकाळी आमच्या ध्यानवर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. अण्णा पिशोरकर, मागं हिमालय, डोक्याभोवती सोनेरी वलय आणि खाली ठळक अक्षरांत, 'अहंकारशून्य महात्म्यास भावपूर्ण आदरांजली.' अण्णा हिमालयात कधी गेले नव्हते. त्यांची धाव खुलताबादेपर्यंत, तीही कुणी गाडीत बसवून नेलं तर. फोटो मूळचा गारखेड्यातल्या आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमधला. मागं उभी असलेली स्कूटर काढून तिथं हिमालय बसवला होता, पण बसवणाऱ्यानं घाई केली. स्कूटरचा एक आरसा अण्णांच्या कानाशी तसाच राहिला होता. फोटो टाकणारा विलास. त्याच्याबद्दल पुढं येईलच.

अण्णा बंगळुरूला लेकाकडं राहत होते, तिथंच झोपेत गेले. मी ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि कामावर गेले. पण त्या दिवशी माझं टायपिंग दहादा चुकलं, आणि माझं टायपिंग चुकत नाही.

मी दिवाणी कोर्टात लघुलेखक आहे. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश साहेब त्याचं बोलणं सरळ करून सांगतात, मी टंकते. जन्मभर दुसऱ्यांची भांडणं टंकून मला पित्त झालं, मग बीपी झालं. डॉक्टर म्हणाले, "ताई, ध्यान करा." आमचे हे शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "डॉक्टर, जिभेसाठी काही असलं तर तेही लिहून द्या." म्हणून मी ध्यानाला गेले. अध्यात्माची ओढ वगैरे काही नव्हती. लांब जायची गरज नव्हती, जिना उतरला की ब्रह्मज्ञान.

सकाळी सहाला पार्किंगमध्ये सतरंजी अंथरली जायची. तिला पेट्रोलचा वास. आम्ही दहा-बारा जण. गुडघे दुखतात ते खुर्चीवर, बाकीचे खाली. समोर खुर्चीवर आमच्याच अपार्टमेंटमधले अण्णा, बारा महिने मफलर, दाढी थोडी वाढवलेली. निवृत्तीआधी ते एका सरकारी कचेरीत अनुरेखक होते. म्हणजे इंजिनियर नकाशा काढणार आणि हे त्यावर पारदर्शक कागद ठेवून तो जशाच्या तसा उतरवणार. निवृत्तीनंतर त्यांनी उपनिषदं वाचली, तीही तशीच उतरवून काढली, आणि मग शिकवायला बसले.

त्यांची पहिली ओळख मला अशी झाली. मी म्हटलं, "नमस्कार, मी रेखा, दुसऱ्या मजल्यावरची." ते म्हणाले, "कोण मी?" मी म्हटलं, "रेखा." ते म्हणाले, "ते नाव झालं. मी कोण?" मला वाटलं ऐकू कमी येतंय. मी मोठ्यानं म्हटलं, "अहो, दोनशे तीनमधली!" मागची मंडळी गालात हसली. मला फार राग आला आणि त्या दिवशी मुळीच ध्यान लागलं नाही.

अण्णा स्वतःला कधी 'मी' म्हणत नसत. 'मी' म्हटलं की अहंकार आला, आणि अहंकार आला की सगळी साधना पाण्यात, असं त्यांचं म्हणणं. स्वतःला ते 'हा देह' म्हणायचे. "ह्या देहाला अर्धा कप चहा." "काल हा देह कन्नडला लग्नाला गेला होता, जिलबी बरी होती." जिथं देहही नको वाटायचा तिथं त्यांचं सरकारी मराठी कामी यायचं. जेवण झालं. येणं झालं. वाचन करण्यात आलं. कचेरीच्या कागदात कुणीच कधी काही करत नाही, सगळं करण्यात येतं, निदर्शनास येतं, प्रस्तावित असतं. जन्मभर ते वाचून ज्याचा पगार घेतला, त्याला वेदान्तातलं अकर्तेपण काय अवघड? बाकीच्यांना त्यासाठी घरदार सोडावं लागतं, अण्णांनी नुसती फाइल सोडली नाही.

ह्या सगळ्याचा ताप एकटीला, मालतीकाकूंना. काकू म्हणजे अण्णांची बायको, ठेंगणी, चटपटीत, तोंडानं तिखट. एकदा गॅसच्या सिलिंडरवाल्यानं खालून फोन केला, "पिशोरकर का? कोण बोलतंय?" अण्णा शांतपणे म्हणाले, "बोलणारा कोण, हेच तर शोधायचंय." तो म्हणाला, "शोधा मग," आणि सिलिंडर घेऊन निघून गेला. चार दिवस काकूंनी विजेच्या शेगडीवर स्वयंपाक केला. तेव्हापासून त्या अण्णांना हाक मारताना 'अहो देह' म्हणायच्या. "अहो देह, उठा, भाजी आणायचीय." "रेखा, देहाला इचार गं, तिसरी पोळी पाहिजे का त्याला." अण्णा रागवायचे नाहीत. रागवायला 'मी' लागतो ना.

आणि पाण्याचा दिवस. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, हे काय नव्यानं सांगायचं? चार दिवस, सहा दिवस, कधी आठ, जशी वरच्याची मर्जी. वरचा म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा. एकदा सगळे डोळे मिटून बसलो होतो आणि अण्णा खालच्या पट्टीत सांगत होते, "विचार आला, येऊ द्या. गेला, जाऊ द्या. त्याच्या मागं धावू नका. तुम्ही फक्त साक्षी." तेवढ्यात गेटकडून आवाज आला, "पाणी आलं हो!" मी डोळे उघडले तेव्हा खुर्ची रिकामी होती. अण्णांचा देह मफलरसकट मोटारीच्या खोलीपर्यंत पोचलासुद्धा होता. दोन पायऱ्या एकदम चढताना मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं. परत आल्यावर म्हणाले, "मोटार सुरू करण्यात आली आहे. मिटा डोळे."

एवढं सगळं असून मी जात राहिले, कारण खोटं कशाला बोलू, माणसाला शिकवता यायचं. एकदा मी फार वैतागून आले होते. सासूबाईंचं आजारपण, कोर्टात बदलीची टांगती तलवार, पोरगी बोलत नव्हती. मी म्हटलं, "अण्णा, माझ्या डोक्यात नुसत्या रेघोट्या झाल्यात." ते खुर्चीवरून उठून खाली माझ्यासमोर बसले. म्हणाले, "कचेरीत काचेचं टेबल होतं, खालून दिवा. त्यावर नकाशा, त्यावर कागद. हजार रेघा दिसायच्या. नवीन माणूस घाबरायचा. तेव्हा टेबलाचा दिवा बंद करायचा. काय व्हायचं? एकही रेघ दिसायची नाही. रेघ दिसते ती दिव्यामुळं. रेखाताई, तुम्ही रेघोटी नाही. तुम्हाला रेघोट्या दिसतायत, म्हणजे तुम्ही दिवा आहात. तो कधी खाडाखोड करत नाही, घाबरत नाही. त्यालाच साक्षी म्हणतात." मला रडू आलं, ते मी ओढणीनं पुसलं, आणि त्या दिवशी कोर्टात मी कुणावर खेकसले नाही. शिपायानं विचारलं, "मॅडम, तब्येत बरी आहे ना?"

आता विलास आणि नंदा.

अपार्टमेंटला लागून एक बैठं घर आहे. ते आक्कांचं. आक्का ऐंशीच्या पुढच्या, कान तिखट, जीभ त्याहून. थोरला मुलगा विलास पुण्यात मोठ्या कंपनीत. धाकटा अपघातात गेला, त्याची बायको नंदा. नंदा पाचोडकडची, शेतकऱ्याच्या घरातली, दिसायला बारकी पण हातात ताकद. नवरा गेल्यावर तिनं त्या घराच्या स्वयंपाकघरात डबे सुरू केले. परगावाहून क्लासला आलेली पोरं तिच्या पोळ्यांवर डॉक्टर-इंजिनियर व्हायची. पहाटे चारला कणीक, दुपारी आक्कांचं अंग पुसणं, औषधं, संध्याकाळी पुन्हा कणीक. ध्यानाला ती कधी आली नाही. मी एकदा म्हटलं तर म्हणाली, "ताई, पोळी तव्यावर टाकली की मला दुसरं काय बी दिसत नाय. अजून किती ध्यान करू?"

आक्कांनी घर नंदाच्या नावानं मृत्युपत्रात लिहिलं. एका सकाळी त्या वर्ग संपून सगळे गेल्यावर काठी टेकत पार्किंगमध्ये आल्या, अण्णांच्या खुर्चीवर बसल्या, आणि दोन साक्षीदारांसमोर सही केली. एक साक्षीदार तळमजल्यावरचे म्हातारे डॉक्टर, दुसरे अण्णा. पुढं डॉक्टर वारले, मग आक्काही वारल्या. म्हणजे आक्कांनी शुद्धीत सही केली, हे सांगू शकणारा जगात एकच देह उरला.

आणि आक्कांचे दिवस उरकतात न उरकतात तोच विलासनं आमच्याच कोर्टात वाटणीचा दावा लावला. मृत्युपत्र खोटं, आईचं डोकं ठिकाणावर नव्हतं, भावजयीनं बनवून घेतलं, असं त्याचं म्हणणं. निकाल लागेपर्यंत म्हणून पुढच्या खोल्यांना स्वतःचं कुलूप ठोकलं. स्वयंपाकघर त्या खोल्यांतच. नंदा मागच्या अंगणात पत्र्याखाली चूल मांडून बसली. आपला उन्हाळा, वर पत्रा, खाली जाळ. निम्मी पोरं दुसरीकडं डबा लावून गेली. एकदा तवा कलंडून तिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या हातानं ती पोळ्या लाटत राहिली.

कोर्टात नंदाला फक्त एक माणूस हवा होता. अण्णा.

पण विलास हा अण्णांचा पट्टशिष्य. महिन्यातून एकदा पुण्याहून यायचा तो थेट अण्णांच्या पायाशी. सगळी प्रवचनं मोबाइलवर रेकॉर्ड करायचा. खुलताबादच्या रस्त्याला त्याची एक जागा होती, तिथं अण्णांसाठी ध्यानमंदिर बांधायचं त्यानं ठरवलं होतं. गोल सभागृह, मध्ये व्यासपीठ, बाहेर चाफा. त्याचा नकाशा अण्णांनी स्वतःच्या हातानं काढला होता. जन्मभर दुसऱ्यांचे नकाशे उतरवलेल्या माणसाचा हा पहिला स्वतःचा नकाशा. तो दाखवताना त्यांचे डोळे चमकायचे. "हा देह तिथं बसेल," म्हणायचे, आणि व्यासपीठावर बोट ठेवायचे. पेट्रोलच्या वासातून सुटका कुणाला नको असते?

नंदा त्यांच्याकडं गेली. मी जिन्यात होते, मला ऐकू आलं. ती म्हणाली, "अण्णा, तुमी फकस्त खरं सांगा. एवढंच." अण्णा म्हणाले, "नंदा, साक्षी फक्त पाहतो. तो बोलत नाही, बाजू घेत नाही. घर काय, कोर्ट काय, सगळं दृश्य आहे. येईल, जाईल." नंदानं चपला घातल्या. मग म्हणाली, "पर म्या त्या दृश्यात राहते ना." आणि गेली.

मला त्या दिवशी पित्ताचा झटका आला. पण मी काही बोलले नाही. कोर्टातला माणूस, बाहेर बोलायचं नसतं, वगैरे. कारणं सगळ्यांकडं असतात.

कोर्टानं समन्स काढलं. ते बजावायला आमचे बेलिफ गफ्फारभाई गेले. गफ्फारभाईंनी आयुष्यात कुत्री अंगावर घेतलीत, शिव्या खाल्ल्यात, भिंतीवरून उड्या टाकून पळालेले लोक पकडलेत. पण परत आले ते डोकं धरून. "मॅडम, क्या बताऊं. मैं बोल्या, पिशोरकर साब तुमीच क्या? वो बोलते, मैं कौन, येइच तो सवाल है. मैं बोल्या, साब, सवाल तुमारा, सही तो करो. तो आंखां बंद करके बैठ गये! आधा घंटा! अब इस पे मैं क्या लिखूं?" त्यांनी लिहिलं ते कागदावर अजून आहे: 'सदर इसमास भेटलो असता, आपण कोण आहोत हे सांगण्यास ते असमर्थ आहेत. सबब समन्स परत.'

साहेबांनी तो शेरा दोनदा वाचला. "मनोरुग्ण आहेत का?" त्यांनी विचारलं. विलासचा वकील पटकन उठून म्हणाला, "शक्यता नाकारता येत नाही, साहेब." शिष्य असावा तर असा. गुरू वेडा ठरला तरी चालेल, घर मिळालं पाहिजे.

पुढची तारीख, त्याच्या पुढची तारीख. कधी अण्णांच्या देहाला ताप, कधी देह मौनात. असं करत वर्ष गेलं. नंदा प्रत्येक तारखेला यायची, सकाळचे डबे उरकून, बाकावर कडेला बसायची, पुकारा झाला की उठायची आणि पुढची तारीख ऐकून निघून जायची.

शेवटी जे उपनिषदांना जमलं नाही ते काकूंनी केलं. एका सकाळी अण्णा वर्गाहून घरी गेले तर ओट्यावर काही नाही. त्यांनी चहा मागितला. काकू म्हणाल्या, "कुणाला पाहिजे?" "ह्या देहाला." "मग देहाला भूक लागलीय, ती बघत बसा. साक्षी व्हा." दुपारी नाही, संध्याकाळी नाही. काकू स्वतःही जेवल्या नाहीत, हे मला नंतर कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा वर्गाला आले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. आम्ही डोळे मिटले. जिन्यातून काकू खाली आल्या आणि सगळ्यांसमोर, अजिबात आवाज न चढवता म्हणाल्या, "तिकडं ती पोर वर्षभर पत्र्याखाली भाजतीय आणि तुम्ही इथं लोकांचे डोळे मिटवताय. आता मला लाज वाटती तुमच्या हातात ताट द्यायची." एकानंही डोळे उघडले नाहीत. कधी नव्हे ते सगळ्यांचं ध्यान लागलं होतं.

पुढच्या तारखेला अण्णा आले.

मृत्युपत्र सिद्ध करायला कायद्याला एक साधं वाक्य लागतं. 'करून देणाऱ्यानं माझ्यासमोर सही केली आणि मी त्याच्यासमोर साक्षीदार म्हणून सही केली.' मी ते कितीदा टंकलं असेल त्याला गणती नाही. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं, की त्या वाक्यात 'मी' टाळता येत नाही. आणि हा माणूस ते म्हणणार नाही.

पुकारा झाला. अण्णा पिंजऱ्यात उभे राहिले, मफलर काढून हातात घेतला. शपथ देणाऱ्यानं म्हटलं, "म्हणा, मी ईश्वराची शपथ घेऊन…" अण्णांनी 'मी' गाळून शपथ घेतली. मराठीत ही सोय आहे. कर्ता गिळला तरी क्रियापद चालत राहतं.

"नाव?"

"ह्या देहाचं नाव मुकुंद…"

"कशाचं?" साहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"देहाचं."

साहेब माझ्याकडं वळले आणि कंटाळून म्हणाले, "लिहा, माझे नाव मुकुंद." मी लिहिलं. नंदाच्या वकिलानं घाम पुसत विचारलं, "ह्या कागदावर साक्षीदार म्हणून सही कुणी केली?" अण्णा म्हणाले, "सही करण्यात आली आहे." "कुणाकडून?" "ह्या हाताकडून." लोक हसायला लागले. नंदा हसली नाही. ती पुढं वाकून, अण्णांच्या तोंडाकडं बघत उभी होती.

मग विलासचा वकील उठला. त्यानं मोबाइल काढला नाही, फक्त कागद वाचला. प्रवचनातली वाक्यं विलासनं उतरवून दिली होती. "'जे दिसतं ते मिथ्या.' हे तुमचंच ना?"

"हो."

"मग ही सही दिसते. मिथ्या म्हणायची का?" पुन्हा हशा. "'हा देह काही करत नाही, करणारा कुणी नाहीच.' हेही तुमचंच. म्हणजे तुम्ही सही केली नाही. साहेब, साक्षीदार स्वतःच सांगतायत की सही त्यांनी केलेली नाही. बरोबर ना, पिशोरकर? हो किंवा नाही सांगा."

अण्णांनी मागच्या बाकाकडं पाहिलं. विलासनं तिथून हात जोडले, डोळ्यांत भक्ती, चेहऱ्यावर ध्यानमंदिर. मग त्यांनी नंदाकडं पाहिलं. तिचा उजवा हात कठड्यावर होता, कोपरापर्यंत सुरकुतलेला, गुलाबी. तो अण्णांनी आधी पाहिला नव्हता का? रोज शेजारून जायचे. पण बहुधा तेव्हा तो नुसता दिसला असेल.

त्यांचे ओठ दोनदा हलले, आवाज आला नाही. साहेब म्हणाले, "मोठ्यानं बोला."

"मी," अण्णा म्हणाले.

"पुढं?"

"मी केली साहेब सही. मी. आक्कांनी माझ्यासमोर केली आणि मी त्यांच्यासमोर केली. त्या लई शुद्धीत होत्या. मला म्हणाल्या, पिशोरकर, आधी वाचून दाखवा. मी वाचलं. म्हणाल्या, पुन्हा वाचा, तुम्ही कायम दुसरीकडंच बघत असल्यासारखं वाचता. मी पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, नंदाच्या नावाखाली रेघ मारा, म्हणजे विलासला चष्म्याशिवायबी दिसंल. ती रेघ मी मारली. बघा, सरळ आहे. माझी रेघ वाकडी येत नाही."

साहेबांनी मूळ कागद उजेडात धरला. रेघ होती. पट्टीशिवाय मारलेली, एकदम सरळ. साहेब सांगत गेले, मी टंकत गेले, 'मी', 'मी', 'माझ्यासमोर', आणि माझ्या डोळ्यांपुढं अक्षरं पुसट होत होती. विलासचा वकील चिडला. म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं लोकांना शिकवलं ते सगळं खोटं?"

"नाही. शिकवलं ते खरंय," अण्णा म्हणाले. "शिकवणारा कच्चा. साक्षी व्हा, साक्षी व्हा, असं दहा माणसांना रोज सांगितलं, आणि साक्ष द्यायची वेळ आली तर वर्षभर दार लावून बसलो. साक्षी दिवा असतो म्हणालो. दिवा घरात अंधार करून बसतो का?"

साहेब म्हणाले, "हे असंबद्ध आहे. हे घेऊ नका." मी कळफलकावरून बोटं उचलली.

दाव्याचा निकाल लागायला अजून काही महिने गेले. तो नंदाच्या बाजूनं लागला, स्वयंपाकघराचं कुलूप निघालं. अण्णा-काकू तर साक्षीच्या दुसऱ्याच दिवशी बंगळुरूला लेकाकडं गेले होते. साक्षीनंतर त्यांनी वर्ग घेतलाच नाही. कुणी फोनवर विचारलं तर काकू सांगायच्या, "त्यांचा अभ्यास चालू आहे." विलासनं ध्यानमंदिराच्या जागेवर रो-हाउस बांधायला घेतल्याचं ऐकलं. ग्रुप मात्र त्यानं सोडला नाही. श्रद्धांजली कुणी वाहायची मग?

मी अण्णांना शेवटचं पाहिलं ते साक्षीच्या दिवशी दुपारी, कोर्टाच्या पायऱ्यांवर. जेवणाची सुट्टी झाली होती. काकू त्यांचा दंड धरून उतरत होत्या. ते काकूंना सारखं विचारत होते, "मी नीट बोललो का? मी सगळं सांगितलं का?" काकू म्हणत होत्या, "व्हय, व्हय, पायाखाली बघा."

मागून नंदा आली आणि त्यांच्या पाया पडायला वाकली. अण्णांनी आजवर कुणाला अडवलं नव्हतं. पाया देहाच्या पडतात, आपल्याला काय, असं म्हणायचे. त्या दिवशी ते एक पायरी मागं सरले, पडता पडता वाचले.

"नको नंदा," ते म्हणाले. "मी लई उशीर केला."

मला वाटलं, ती म्हणेल, असं काय म्हणता अण्णा, तुमचे उपकार. बाया म्हणतात तसं. मी तेवढ्यासाठी थांबलेसुद्धा. नंदा सरळ उभी राहिली. पदर सारखा केला, भाजलेल्या हातावरून ओढून घेतला.

"व्हय अण्णा," ती म्हणाली. "लई उशीर केला."

आवाजात राग नव्हता. मग संध्याकाळचे डबे राहिलेत म्हणून ती गेटकडं रिक्षा बघायला चालू लागली. अण्णा भर उन्हात तिच्या पाठीकडं बघत उभे राहिले. काकूंनी दोनदा ओढलं तरी हलले नाहीत.